वेगवेगळ्या स्पीडच्या रॅम एकाच लॅपटॉपमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलै आला की दुरुस्तीच्या काउंटरवर गर्दी वाढते. कॉलेजं सुरू होतात, पीक विम्याच्या अर्जांनी गावोगावच्या सेवा केंद्रांचे लॅपटॉप दमायला लागतात आणि जो तो विचारतो, रॅम वाढवून मिळेल का? त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो: आतली २४०० स्पीडची आहे, बाजारात ३२०० ची मिळतेय, चालेल का? लातुरात लॅपटॉप दुरुस्त करताना हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. औशाहून किंवा निलंग्याहून चक्कर मारण्याआधी वाचलीत तर निदान कोणती रॅम लागणार हे तरी घरूनच ठरवून निघता येईल.

दादा, एका वाक्यात सांगा: २४०० सोबत ३२०० चालते का?

चालते. दोन्ही डीडीआर४ (ही रॅमची पिढी) असतील तर दोन्ही २४०० वर चालतील. काही जळत नाही, काही बिघडत नाही, लॅपटॉपचं आयुष्यही कमी होत नाही. ३२०० ची रॅम कमी वेगाने चालवणं हे तिच्यासाठी सोपंच काम आहे. उलट बाजूची भीतीही नको, कारण २४०० च्या रॅमला लॅपटॉप आपणहून ३२०० वर पळवत नाही.

स्पीड नेमकं ठरवतं कोण?

प्रत्येक रॅमवर एक बारीकशी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. ही रॅम कोणत्या स्पीडला, कोणत्या टायमिंगवर (डेटा द्यायला किती थांबते) आणि किती व्होल्टला चालते, याची नोंद कंपनीने त्या चिपमध्ये करून ठेवलेली असते. लॅपटॉप चालू केला की बायोस (विंडोजच्याही आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) दोन्ही रॅमच्या नोंदी वाचतो आणि दोघींना झेपेल असा वेग निवडतो.

पण यात तिसरा वाटेकरी आहे आणि बहुतेक जण त्यालाच विसरतात. तो म्हणजे प्रोसेसर. रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो आणि त्याची स्वतःची मर्यादा असते. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या लॅपटॉपची उदाहरणं घ्या. आय५-७२००यू डीडीआर४ ला २१३३ पर्यंतच चालवतो. आय५-८२५०यू आणि रायझन ५ ३५००यू यांची मर्यादा २४०० आहे. आय५-१०२१०यू २६६६ पर्यंत जातो. आय५-११३५जी७ आणि रायझन ५ ५५००यू ३२०० घेतात. म्हणजे सातव्या पिढीच्या, आय५-७२००यू वाल्या लॅपटॉपमध्ये ३२०० च्या दोन कोऱ्या रॅम टाकल्या तरी त्या २१३३ वरच चालणार. तिथे जुनी रॅम स्पीडला अडवतेय असं म्हणून ती काढून टाकण्यात काहीच अर्थ नाही.

३२०० चे पैसे मोजायचे आणि चालणार २४०० वर. मग नुकसानच झालं की!

हा हिशेब नीट करून बघा, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते.

एक रॅम एका वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट नेते. ३२०० ची एकटी रॅम सेकंदाला ३२०० गुणिले ८, म्हणजे कागदावर २५.६ जीबी इतका डेटा हलवू शकते. २४०० ची एकटी १९.२ जीबी हलवते. पण दोन रॅम असल्या की लॅपटॉप दोन्हींतून एकाच वेळी डेटा घेतो, यालाच ड्युअल चॅनल म्हणतात. मग २४०० वर चालणाऱ्या दोघी मिळून ३८.४ जीबीपर्यंत जातात. म्हणजे ३२०० च्या एकट्या रॅमपेक्षा दीडपट! एका फणाच्या पाभरीचे बैल कितीही चपळ असले, तरी दोन फणांची पाभर जरा सावकाश चालूनही वावर आधी पेरून काढते.

हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये, कारण तिथे ग्राफिक्ससुद्धा याच रॅमवर जगतं. अकराव्या पिढीच्या आय५ लॅपटॉपमध्ये एकच रॅम असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएचडी ग्राफिक्स’ असं नाव दिसतं. दुसरी टाकून ड्युअल चॅनल झालं की तेच ग्राफिक्स ‘आयरिस एक्सई’ म्हणून दिसायला लागतं. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपन्यांसाठी घरून कॅडची ड्रॉइंग करणाऱ्या मुलांना मी आवर्जून सांगतो, स्पीडचा आकडा नंतर बघा, आधी दुसरा स्लॉट भरा.

ब्राउझर, टॅली, एक्सेल, ऑनलाइन अर्ज असं काम असेल तर २४०० आणि ३२०० यातला फरक हाताला जाणवतसुद्धा नाही. रॅम पुरेशी आहे की नाही, हे मात्र पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

मग जुनी ठेवून जोडीला एक घेऊ, की दोन्ही नव्या घेऊ?

जुनी ८ जीबीची असेल आणि व्यवस्थित चालत असेल तर ती राहू द्या, जोडीला ८ ची घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते आणि चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपला माल तिकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना विकायचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत चांगली चालणारी रॅम निव्वळ स्पीडचे आकडे जुळावेत म्हणून काढून टाकायला सांगणं मला पटत नाही. सरळ सांगायचं तर तो ग्राहकाचा खिसा कापणं आहे.

जुनी २ किंवा ४ ची असेल, लॅपटॉपला दोनच स्लॉट असतील आणि तुम्हाला १६ हवी असेल, तरच ती काढण्याचा विचार करा.

एकमेकींसोबत अजिबात चालत नाहीत अशा रॅम कोणत्या?

पिढी वेगळी असेल तर नाही म्हणजे नाही. डीडीआर३ आणि डीडीआर४ एका लॅपटॉपमध्ये चालत नाहीत, डीडीआर४ आणि डीडीआर५ही नाहीत. लॅपटॉपच्या डीडीआर३ रॅमला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. खालच्या कडेला जी खाच असते तिची जागा प्रत्येक पिढीत वेगळी आहे, त्यामुळे चुकीची रॅम स्लॉटमध्ये बसतच नाही. जोर लावून बसवलेल्या आणि स्लॉटचा प्लॅस्टिकचा दात तुटलेल्या मशीन माझ्या टेबलावर आलेल्या आहेत. रॅम आत जात नसेल तर हात थांबवा.

खाच जिथे वाचवत नाही अशी एक जागा मात्र आहे. डीडीआर३ आणि डीडीआर३एल. दोघींची खाच तीच, पिना तेवढ्याच, दिसायलाही सारख्या. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, एल वाली १.३५ वर. चौथ्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपना सहसा एल वालीच लागते. तिथे साधी डीडीआर३ टाकली तर ती नीट बसते आणि लॅपटॉप चालूच होत नाही, किंवा चालू होऊन मध्येच बंद पडतो. लोकांना वाटतं स्पीड जुळलं नाही, खरं कारण व्होल्टेज असतं. जुन्या लॅपटॉपसाठी घेताना एल वालीच मागा, कारण ती १.५ व्होल्टच्या मशीनमध्येही चालते.

डेस्कटॉपची रॅम लांब असते, ती लॅपटॉपमध्ये जाण्याचा प्रश्नच नाही. ऑनलाइन मागवताना ‘एसओडीआयएमएम’ (लॅपटॉपची आखूड रॅम) लिहिलंय का एवढं बघा.

रॅमवरचं स्टिकर कसं वाचायचं?

समजा स्टिकरवर लिहिलंय: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी. पहिली आहे क्षमता. ‘१आर’ म्हणजे एक रँक (चिपचा एक संच), ‘एक्स८’ हा आतल्या चिपचा प्रकार. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४, आणि २४०० हे स्पीड. शेवटचं अक्षर स्पीडनुसार बदलतं: २४०० ला टी, २६६६ ला व्ही, ३२०० ला एए.

काही स्टिकरवर स्पीडऐवजी पीसी४-१९२००, पीसी४-२१३०० किंवा पीसी४-२५६०० असं लिहिलेलं असतं. घाबरू नका, त्या आकड्याला ८ ने भागा. २४००, साधारण २६६६ आणि ३२०० मिळतील. जुन्या पीसी३एल-१२८०० ला भागलं की १६०० येतं, आणि त्यातला ‘एल’ म्हणजे वर सांगितलेलं कमी व्होल्टेज.

किंग्स्टनच्या रॅमवर केव्हीआर३२एस२२एस८/८ असा नंबर दिसतो. ३२ म्हणजे ३२००, पुढचा ‘एस’ म्हणजे लॅपटॉपचा आकार, २२ म्हणजे सीएल (टायमिंगचा आकडा), ‘एस८’ म्हणजे एक रँक आणि एक्स८ चिप, शेवटचे ८ म्हणजे ८ जीबी. एकदा उलगडून घेतलं की दुकानदाराच्या तोंडाकडे बघायची गरज उरत नाही.

एक्स१६ लिहिलेली रॅमही बाजारात मिळते. ती एक्स८ पेक्षा थोडी सुस्त असते. भाव सारखाच असेल तर एक्स८ घ्या.

लॅपटॉप न उघडता आत काय आहे ते कळतं का?

बरंचसं कळतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. उजवीकडे खाली स्पीड आणि किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. ‘फॉर्म फॅक्टर’ समोर ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅम स्लॉटमधली आहे, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. स्लॉटची संख्या काही मॉडेलमध्ये चुकीची दिसते, म्हणून तेवढ्यावरच विसंबून रॅम मागवू नका, मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर खात्री करा.

सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक रॅमची एसपीडी वेगवेगळी दाखवतं. त्यात २४०० च्या जागी १२०० दिसलं म्हणून घाईने फोन करणारे बरेच आहेत. डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा डेटा, आणि हे सॉफ्टवेअर ठोके मोजतं. १२०० ची दुप्पट करा, तुमचे २४०० जागेवर आहेत.

माझ्यात ४ जीबी बोर्डावर सोल्डर केलेली आहे आणि एक स्लॉट रिकामा आहे. काय टाकू?

हा प्रकार हल्ली फार दिसतो. सेवा केंद्रात वापरलेला असा एक लॅपटॉप अहमदपूरकडून आला होता. बोर्डावर ४ जीबी २४००, स्लॉट मोकळा. पीक विम्याच्या पोर्टलचे टॅब, सातबाराची पीडीएफ, स्कॅनरचं सॉफ्टवेअर आणि व्हॉट्सॲप एवढं उघडलं की मेमरी ९५ टक्क्यांवर, आणि समोर शेतकऱ्यांची रांग. स्लॉटमध्ये ८ जीबी ३२०० टाकली. टास्क मॅनेजरमध्ये स्पीड २४०० दिसलं, एकूण १२ जीबी, आणि तेच सगळं उघडून मेमरी निम्म्याखाली राहिली. केंद्रचालक ताईंनी स्पीडच्या आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही, बघायची गरजही नव्हती.

४ आणि ८ अशी असमान जोडी असली तरी ड्युअल चॅनल पूर्ण जात नाही. दोन्हींतले ४-४ मिळून ८ जीबी जोडीने चालते, उरलेली ४ एकेरी. इंटेल याला फ्लेक्स मोड म्हणतो. ८ अधिक ८ इतकं ते समतोल नाही, पण फक्त ४ वर रडतखडत काम करण्यापेक्षा कितीतरी बरं.

बोर्डावर एलपीडीडीआर४एक्स किंवा एलपीडीडीआर५ असेल आणि स्लॉटच नसेल, तर रॅम वाढत नाही. कुणी वाढवून देतो म्हटलं तरी त्या वाटेला जाऊ नका.

कंपन्या वेगवेगळ्या असल्या तर?

चालतं. सॅमसंगसोबत हायनिक्स, मायक्रॉनसोबत किंग्स्टन, बिनधास्त टाका.

सीएल १७ आणि सीएल २२ ची जोडी जमेल का?

जमेल, बायोस दोघींना चालेल असं टायमिंग घेतो. आणि २२ दिसतंय म्हणून ती रॅम मंद, असंही नाही. सीएल म्हणजे ठोक्यांची संख्या, आणि ३२०० ला ठोका लहान असतो. वेळ काढली तर २४०० सीएल १७ ला साधारण १४.२ नॅनोसेकंद लागतात, ३२०० सीएल २२ ला १३.७५. जवळपास सारखंच.

गेमिंगची महागडी रॅम घेतली तर स्पीड वाढेल?

बहुतेक लॅपटॉपमध्ये नाही, आणि कधी कधी उलटंच होतं. काही गेमिंग रॅमचं ३२०० हे स्पीड एक्सएमपी नावाच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि साध्या नोंदीत असतं २१३३ किंवा २४००. सर्वसाधारण लॅपटॉपच्या बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायची सोयच नसते. मग ती रॅम तर खालच्या वेगावर चालतेच, जोडीच्या चांगल्या ३२०० लाही खाली ओढते. साधी, जेडेक (रॅमची मानकं ठरवणारी संस्था) ३२०० असं स्पष्ट लिहिलेली घ्या.

रॅम टाकली आणि स्क्रीन काळीच राहिली!

आधी थांबा. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना लॅपटॉप नव्या रॅमशी जुळवून घेतो. डीडीआर५ असेल तर याला मिनिट-दोन मिनिटंही लागतात. तेवढ्यात पॉवर बटण दाबून बंद करू नका.

वाट बघूनही काही आलं नाही तर रॅम काढून पुन्हा बसवा. बहुतेक वेळा ती पूर्ण आत गेलेली नसते. सोनेरी पट्टा दिसत असेल तर अजून आत जायची आहे. मग एकेक रॅम एकटी टाकून बघा, मग स्लॉट अदलाबदल करून बघा. दोघी एकट्या चालतात आणि एकत्र चालत नाहीत, असं निघालं तर बायोस अपडेट करा. इतकं करूनही जमलं नाही तर त्या मशीनला ती जोडी मानवत नाही असं समजा आणि रॅम बदलून घ्या. असं क्वचित होतं, पण होतं. म्हणून बदलून देण्याची बोली आधीच करून ठेवा.

चालू होतो, पण मध्येच निळी स्क्रीन येते.

‘मेमरी मॅनेजमेंट’ असा एरर दिसत असेल तर संशय रॅमवर. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर बॅटरी चांगली हवी किंवा इन्व्हर्टर. एकही चूक निघाली तर ती रॅम गेली, ‘एवढ्याशाने काय होतं’ असं म्हणू नका. अशी रॅम फाइली गुपचूप खराब करते, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दोघींतली दोषी कोण हे शोधायला एकेक वेगळी तपासा.

८ टाकली, पण वापरायला ५.९ च दिसते.

रायझनच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्ससाठी २ जीबीपर्यंत रॅम राखून ठेवलेली असते. दुकानदाराने फसवलेलं नाही. विंडोज ३२ बिटची असेल तर मात्र ४ च्या वरची रॅम वापरातच येत नाही, तिथे ६४ बिट टाकावी लागेल.

घरी बसवता येईल का?

हात स्थिर असेल तर येईल. लॅपटॉप पूर्ण शटडाउन करा, विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलं की तो खरोखर बंद होतो. चार्जर काढा, मागचं झाकण उघडल्यावर बॅटरीचा कनेक्टर काढा. आपल्याकडची कोरडी हवा लक्षात घ्या. हिवाळ्यात स्वेटर काढताना जो चटका बसतो, तोच रॅमची चिप मारू शकतो. आधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा, रॅम कडांना धरा, सोनेरी पट्ट्याला बोट लावू नका. तिरपी आत घाला, मग खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक करून बसल्या पाहिजेत. झाकणाचे स्क्रू लहानमोठे असतात, कुठला कुठे होता त्याचा फोटो काढून ठेवा.

वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी कंपनीला विचारा.

मे महिन्यात ४२-४३ अंश असतं. दोन रॅमनी लॅपटॉप तापेल का?

रॅमची उष्णता किरकोळ असते आणि चिप ८५ अंशांपर्यंत निवांत चालते. उन्हाळ्यात लॅपटॉप तापतो तो पंख्यात साचलेल्या धुळीने. झाकण उघडलंच आहे तर त्याच वेळी पंखा साफ करून घ्या.

जुना लॅपटॉप आहे. आधी रॅम की एसएसडी?

आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी. ४ जीबी रॅम असेल तर दोन्ही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि विंडोज ११ साठी इंटेलची निदान आठवी पिढी लागते. त्याआधीच्या लॅपटॉपवर मोठा खर्च करू नका. जुनी रॅम मिळाली तर ती टाका आणि लिनक्स चालवून बघा, मुलांच्या अभ्यासाला तेवढं पुरतं.

सिकंदराबादहून किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळते, आणू का?

नांदेड-देगलूरकडचे बरेच जण सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून आणतात, इकडचे पुण्याहून. हरकत नाही. पण जुन्या रॅमचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, लॅपटॉपही सोबत न्या आणि तिथेच लावून चालू करून बघा. बिल घ्या, आणि बिलावर रॅमचा सिरियल नंबर लिहून मागा. वापरलेली रॅम घेत असाल तर स्टिकर खरवडलेलं किंवा एकावर एक चिकटवलेलं नाही ना ते बघा, आणि सीपीयू-झेडमध्ये क्षमता, स्पीड व कंपनी स्टिकरशी जुळते का तपासा. जुळत नसेल तर तिथेच परत करा, गाडीत बसल्यावर फोन करून उपयोग होत नाही.